पोटावरची पाणसळ

माणसाची अब्रू शरीरात नेमकी कुठे असते, याबद्दल एकमत नाही. बहुतेक लोक नाकाकडे बोट दाखवतात, काही जण मिशी म्हणतात, काही मान. शून्यसाहेबांची अब्रू मात्र गेले काही महिने पायाशी, बुटाच्या नाडीत अडकून पडली होती.

कंबर धरल्यापासून त्यांना खाली वाकता येत नव्हतं. रोज सकाळी ऑफिसला निघताना ते दाराबाहेर जिन्याचा कठडा धरून पुतळ्यासारखे उभे राहायचे आणि त्यांची बायको पायरीवर बसून त्यांच्या नाड्या बांधायची. हा कार्यक्रम दाराआड उरकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण बूट घरात आणायचे नाहीत, हा नियम खुद्द शून्यसाहेबांनीच केलेला होता आणि स्वतः केलेला नियम मोडायला जो एक प्रकारचा दिलदारपणा लागतो तो त्यांच्याकडे नव्हता. वरच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी नेमके त्याच वेळी खाली उतरायचे. नाडी बांधून होईपर्यंत वरच थांबावं, इतका पोच त्या माणसाला नव्हता. "चालू द्या, चालू द्या," असं म्हणत ते अंग चोरून भिंतीला घासत जायचे. एखाद्याच्या आजारपणात खोलीतून जावं तसे.

"बिननाडीचे बूट घ्या की हो," खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा सुचवलं.

"काकू, दिसेनासं झालं म्हणून आपण घरातले दिवे काढून टाकतो का?" शून्यसाहेब म्हणाले.

या प्रश्नावर काकूंना बराच वेळ विचार करावा लागला. तेवढ्यात शून्यसाहेब निसटले. म्हणजे त्यांना जमेल त्या वेगाने निसटले.

'शून्यसाहेब' हे नाव त्यांना ऑफिसात मिळालं होतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानातले तराजू, दुधाची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या तपासायचं काम. खात्यात नवीन माणूस आला की साहेब त्याला पहिल्याच दिवशी सांगायचे, "आधी शून्य बघा. पारडं रिकामं असताना काटा शून्यावर आहे का? नसेल, तर पुढचं सगळं खोटं." हे तत्त्व ते घरीही पाळायचे. बायकोशी भांडण व्हायची वेळ आली, की आधी दोघांनी शून्यावर यावं, असं त्यांचं म्हणणं असायचं. त्यामुळे भांडण मिटायचं नाही, पण लांबणीवर पडायचं.

बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. विद्यार्थ्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे तिला 'मॅडम' म्हणायचे. आपणही तेच म्हणू. मॅडमचा जीव नेच्यांत अडकलेला. नेचे म्हणजे फूल न येणारी, ओलीच्या आणि सावलीच्या जागी उगवणारी, पिसासारख्या पानांची झाडं. लांबच्या डोंगरात दर वर्षी नेच्यांच्या अभ्यासाचं शिबिर भरायचं आणि मॅडम दर वर्षी त्याला जायच्या राहायच्या. एका वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन, एका वर्षी मुलीची प्रवेश परीक्षा, एका वर्षी शून्यसाहेबांची बदली होते की काय अशी भीती (झाली नाही). आता सासूबाई नव्हत्या, मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि बदलीचं वय उलटून गेलं होतं. यंदा जाणार, असं मॅडमनी नक्की केलं होतं. तेवढ्यात ही कंबर.

एका संध्याकाळी मॅडम स्वयंपाकघरात शिबिर भरवणाऱ्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. शून्यसाहेबांनी ऐकलं ते एवढंच:

"नाही गं, यंदाही कठीण दिसतंय. अगं, यांच्या बुटाच्या नाड्या कोण बांधणार?" आणि त्या हसल्या. "बरं, महिनाअखेरपर्यंत ठेव माझी जागा. पण धरून चालू नकोस."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान ताट सरकवता येतं. पण ते हसणं अगदी साधं होतं. बाहेर पाऊस आहे, छत्री घे, असं सांगावं तितकं साधं. शून्यसाहेब त्या रात्री जेवले नीट, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. महिनाअखेरीच्या आत स्वतःची नाडी स्वतः बांधायची, आणि बायकोला कळू न देता बांधायची, असा निश्चय त्यांनी केला.

डॉक्टर कधीचेच म्हणत होते, "दुखणं बरं झालंय. स्नायू आळशी झालेत. जरा पिलाटीज शिका, चटईवर पडून करायचा व्यायाम." हा शब्द ऐकून शून्यसाहेबांना परदेशी मिठाईची आठवण झाली होती आणि त्यांनी तो सोडून दिला होता. आता तो पुन्हा उचलला.

टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट मुलगी हा वर्ग चालवायची. मुलगी म्हणायचं ते वयावरून. बोलण्यावरून ती हेडमास्तरीण होती.

"काका, चटईवर पडा."

'काका' हा पहिला घाव. "पडू नये म्हणून तर आलोय," शून्यसाहेब म्हणाले. ती हसली नाही, हा दुसरा.

"गुडघे दुमडा. पावलं जमिनीवर. दोन पावलांत कमरेइतकं अंतर."

"कमरेइतकं म्हणजे किती?"

"तुमच्या कमरेइतकं."

"माझ्या कमरेवर हल्ली मी विसंबत नाही," असं म्हणून त्यांनी खिशातून टेप काढला. मुलीने तो हातातून अलगद काढून घेतला आणि खिडकीत ठेवला.

"आता श्वास घ्या. सोडता सोडता बेंबी हलकेच आत घ्या आणि कंबर चटईला टेकवा. परत श्वास घेताना सैल सोडा. झालं."

"झालं?"

"आज एवढंच. हे जमलं की मग माकडहाड उचलायचं, मग एकेक मणका. माळ उचलताना एकेक मणी उठतो ना, तसा."

"एकूण किती मणके उचलायचे?"

"काका, मणके मोजायचे नाहीत. जाणवायचे."

उभ्या नोकरीत शून्यसाहेबांना असं कुणी सांगितलं नव्हतं.  मुलीने मग सगळ्या सूचना दिल्या: श्वास कोंडायचा नाही, मान ताठ करायची नाही, दुखलं की थांबायचं, दात-ओठ खाऊन पुरं करायचं नाही. "आणि सुरुवात करताना कंबर मधल्या जागी हवी. ना दाबलेली, ना कमान झालेली. पोटावर पाण्याने भरलेली वाटी ठेवलीय असं समजा. ती सांडता कामा नये."

"म्हणजे शून्य!" शून्यसाहेब आनंदाने उठायला गेले.

"असं उठायचं नाही!" मुलगी ओरडली. "आधी कुशीवर वळायचं, मग हातावर जोर देऊन उठायचं. नेहमी!"

घरी सरावाला जागा म्हणजे छोटी खोली. ती मूळची गॅलरी. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनीच आपापल्या गॅलऱ्या केव्हाच सरकत्या खिडक्या लावून आत घेतल्या होत्या, वरून फरशीला फरशी लावली होती, आणि आता त्या गॅलऱ्या होत्या हे खिडक्यांनाही आठवत नसेल. त्यांची मुलगी तिथेच अभ्यास करून शिकून गेली. सध्या तिथे इस्त्रीचं टेबल आणि पलीकडच्या टोकाला मॅडमची नेच्याची अवाढव्य कुंडी होती. मॅडम प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी उशिरा यायच्या. तेवढ्या वेळात शून्यसाहेब दाराकडे डोकं आणि कुंडीकडे पाय करून आडवे होऊ लागले.

आता अडचण अशी, की 'समजा' हा शब्द वजनमापे खात्यात चालत नाही. समजा हे एक किलो आहे, असं म्हणणाऱ्या दुकानदारावर शून्यसाहेबांनी खटले भरले होते. त्यांनी खरी वाटी घेतली, खरं पाणी भरलं आणि पोटावर ठेवलं. मग श्वास घेतला. श्वास घेतला की पोट वर येतं, ही गोष्ट इतकी वर्षं श्वास घेऊनही त्यांच्या लक्षात आली नव्हती. पाणी गार होतं.

वाटीने भागेना म्हणून त्यांनी ऑफिसातली पाणसळ आणायचं ठरवलं. जमीन सपाट आहे की नाही हे बघायला गवंडी वापरतात ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, ती. ऑफिसातली फारच नाजूक होती. मॅडम एखाद्या पानाकडे बघायच्या तसं शून्यसाहेब तिच्याकडे बघायचे. भांडारातला कारकून मात्र चौकशीखोर निघाला.

"कुठल्या दुकानाची तपासणी, साहेब?"

"दुकान नाही. खासगी मालमत्ता."

"जमीन की भिंत?"

शून्यसाहेबांना खोटं बोलता येत नसे. "एकेकाळी भिंत होती," ते म्हणाले, "आता जरा पुढे आलीय."

"म्हणजे फुगलीय. पाणी झिरपत असणार," कारकून म्हणाला आणि सहानुभूतीने पाणसळ काढून दिली.

पोटावर पाणसळ ठेवली तर बुडबुडा सरळ डोक्याच्या दिशेने पळाला. शून्यसाहेबांनी कंबर जरा दाबली, तसा तो मध्ये आला. सोडली, की पळाला. म्हणजे आपलं शून्य बिघडलेलं आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि ते रोज कंबर दाबून, ओठ आवळून, बुडबुड्यावर नजर ठेवून पडून राहू लागले. चौथ्या-पाचव्या खेपेला कमरेतून अशी कळ आली, की दुसऱ्या दिवशी नाडीच काय, मोजेही मॅडमनाच चढवावे लागले.

वर्गात मुलीने त्यांना आडवं पाडून हात लावून बघितलं. "काका, कंबर सगळा वेळ दाबून धरताय? कुणी सांगितलं होतं?"

"बुडबुड्याने," शून्यसाहेब म्हणाले, आणि मग सगळंच सांगावं लागलं.

ती या वेळी हसली, पण चांगली हसली. "काका, तुमचं शून्य नळीत नाही. आधी कंबर पूर्ण टेकवा. आता उलटी कमान करा, थोडीच. आता दोन्हींच्या मध्ये, जिथे कुणी दाबत नाही आणि कुणी ओढत नाही, तिथे थांबा. आलं? हेच. हात ठेवा पोटावर, पट्टी नको."

आलं होतं, हे शून्यसाहेबांना कबूल करावं लागलं. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच कंबर गप्प बसली होती. पण त्यांच्यातला निरीक्षक गप्प बसेना.

"इथे शून्य असेल, तर घरी बुडबुडा मध्ये का येत नाही?"

"ते बुडबुड्यालाच विचारा," मुलगी म्हणाली आणि दुसऱ्या चटईकडे गेली.

तिने हे म्हणायला नको होतं.

पाणसळ खरी आहे की खोटी हे बघायचं असेल, तर ती उलटी फिरवून ठेवतात. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला गेला, तर दोष पट्टीचा नाही, जागेचा. शून्यसाहेबांनी घरी जाऊन मुलीने शिकवल्याप्रमाणे व्यायाम केला, मग पट्टी होती तशी ठेवून स्वतःलाच उलटं फिरवलं: डोकं कुंडीकडे, पाय दाराकडे. बुडबुडा पूर्वी डोक्याकडे जायचा, तो आता पायाकडे गेला. म्हणजे दोन्ही वेळा दाराकडेच! त्यांनी पट्टी पोटावरून काढून फरशीवर ठेवली, मग उलटी फिरवून ठेवली. बुडबुडा दाराकडे. फरशीच कुंडीच्या बाजूला उतरत होती.

 आपलं शून्य शाबूत आहे, याचा आनंद त्यांना आधी झाला. नंतर उरलेल्या गोष्टीचा अर्थ लागला. आपण सरळ आहोत, तर बिल्डिंग वाकडी आहे.

एका मोजणीवर विसंबतो तो निरीक्षक कसला? दुसऱ्या दिवशी ते खाली काकूंकडे गेले. मोजणी करायची तर प्रत्येक मजल्यावर एकाच जागी करायची, नाहीतर तुलना कसली? म्हणून त्यांनी काकूंच्याही छोट्या खोलीत, नेमक्या त्याच ठिकाणी पट्टी ठेवली.

"काय मोजताय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर मोजताय कशाला?"

बुडबुडा दाराकडे. मग वर सेक्रेटरींकडे, छोटी खोली, तीच जागा. बुडबुडा दाराकडे. तीन मजले, तीन मोजण्या, एकच उत्तर. इतकी सुसंगत मोजणी शून्यसाहेबांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती आणि त्या समाधानात ते जरा जास्त बोलले.

"म्हणजे आपली बिल्डिंग कललीय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"निष्कर्ष काढायची घाई नको," शून्यसाहेब म्हणाले. "पण हो."

संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक भरली. बैठकीत असं निघालं, की हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. कुणाचं दार आपोआप मिटायचं. कुणाच्या पोराचा चेंडू नेहमी एकाच कोपऱ्यात जायचा. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना झोपेत बायकोकडे सरकायला व्हायचं. त्यांच्या बायकोने तिथल्या तिथे जाहीर केलं, की त्याला बिल्डिंग जबाबदार नाही. "तरीच आमचा धाकटा अभ्यासात घसरत चाललाय," एक बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून लोक जिन्यातून एका अंगावर कलून चालू लागले, तोल सावरायला.

सेक्रेटरी अर्ज घेऊन बांधकाम खात्यात गेले. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "पडली का?"

"नाही, पडायच्या आधीच—"

"मग पडझडीच्या खिडकीवर कशाला आलात? कललेल्यांचं वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर विचारलं, "कलली हे कशावरून? मोजली कुणी? सरकारी माणूस होता का?"

"वजनमापे खात्याचे निरीक्षक आहेत!" सेक्रेटरी छाती काढून म्हणाले.

"मग त्यांना म्हणावं, वजन करून द्या. माप आमचं."

पण 'निरीक्षक' हा शब्द कागदावर गेला होता आणि खात्याला दुसऱ्या खात्याची भीती असते. इंजिनिअर बघायला येईल, असं ठरलं. तोवर स्वस्थ बसणं सेक्रेटरींना शक्य नव्हतं. त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येकाने घरातलं जड सामान छोट्या खोल्यांच्या बाजूकडून उलट्या बाजूला सरकवावं, म्हणजे तेवढाच भार समतोल. सगळ्या बिल्डिंगमधून कपाटांच्या किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या. कपाटं, पलंग, कपडे धुण्याची यंत्रं, सगळं एका भिंतीला गेलं. सेक्रेटरींनी स्वतःचं लोखंडी कपाट, कुणाची मदत न घेता, श्वास कोंडून, कमरेत वाकून, एका दमात ढकललं. त्याचा परिणाम पुढे येईल.

शून्यसाहेबांना कुणी सामान उचलू दिलं नाही. एकतर ते तज्ज्ञ होते, दुसरं म्हणजे त्यांची कंबर प्रसिद्ध होती. ते रोज छोट्या खोलीत जायचे, चटईवर आडवे व्हायचे, पोटावर हात ठेवून मधली जागा शोधायचे, श्वास सोडत माकडहाड उचलायचे, मग एकेक मणका, वर आणि तसाच खाली. मग कुशीवर वळून उठायचे आणि फरशी मोजायचे. व्यायाम मोजणीच्या आधी उरकायचा म्हणून केला जात होता. तो होतोय की नाही, हे बघायला त्यांना फुरसत नव्हती.

मॅडमना हे सगळं तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. बिल्डिंगचं त्यांनी काकूंकडून ऐकलं; त्यावर त्या "अहो, काहीतरीच!" म्हणाल्या, पण परीक्षेचे पेपर तपासायचे असल्याने तिथेच थांबल्या. एके दिवशी घरी आल्या तर पुस्तकांचं कपाट पलंगाच्या डोक्यावर येऊन उभं होतं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मी शिबिराच्या मैत्रिणीला कळवून टाकते," त्या म्हणाल्या. "महिना संपतच आला. बिल्डिंग अशी, तुमची कंबर तशी. नाही बाई निघवत."

"अगं पण—"

"जाऊ द्या हो. नेचे कुठे पळून जातात? डायनोसॉर गेले, ते राहिलेत."

शून्यसाहेबांच्या ओठांवर सगळं आलं: वाटी, पाणसळ, वर्गातली मुलगी, चटई. पण सांगणार काय? तिला जाता यावं म्हणून उचललेल्या एका पट्टीने तिला घरात अडकवलं होतं, आणि वरून पलंगाच्या डोक्यावर कपाट आणून ठेवलं होतं. "उद्या कळव," एवढंच ते म्हणाले. "उद्या इंजिनिअर येतोय. त्याचं ऐकून मग कळव."

इंजिनिअर आला तो घाईत. त्याने जिन्याच्या मधल्या पोकळीतून वरून खालपर्यंत दोरीला बांधलेला ओळंबा सोडला. सगळी बिल्डिंग कठड्यांवरून बघत होती. ओळंबा हलला, डुलला, आणि थांबला.

"सरळ आहे," इंजिनिअर म्हणाला. मग कठड्याला एका अंगावर रेललेल्या मंडळींकडे बघून म्हणाला, "तुमच्यापेक्षा पुष्कळच सरळ आहे. मोजलंत कुठे?"

शून्यसाहेबांनी पाणसळ काढली. मोजणी ती मोजणी. ते त्याला छोट्या खोलीत घेऊन गेले. मागोमाग सेक्रेटरी, काकू आणि मावतील तेवढे सगळे आले. पट्टी फरशीवर ठेवली. बुडबुडा दाराकडे गेला.

"हं," इंजिनिअर म्हणाला. "उतार आहे खरा." त्याने भिंत बघितली, छत बघितलं.

"सगळ्या मजल्यांवर हाच," शून्यसाहेब म्हणाले. "एकाच जागी मोजलंय."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्या दिवशी प्रॅक्टिकल लवकर सुटलं होतं. आपल्या छोट्या खोलीत अर्धी बिल्डिंग, जमिनीवर पट्टी आणि नवरा चोरासारखा उभा, हे बघून त्या दारातच थांबल्या.

"अहो, हे काय?"

"फरशीला उतार निघालाय, मॅडम," काकूंनी सांगितलं. "त्यावरूनच तर सगळं रामायण."

"मग असणारच की!" मॅडम म्हणाल्या. "गॅलरी आहे ना ही! पावसाचं पाणी जायला उतार नको? ते बघा ना, पाणी जायचं भोक अजून आहे माझ्या कुंडीखाली. म्हणून तर नेचा तिथे ठेवलाय. फरशी पुसली की पाणी आपोआप तिकडे जातं. इतकी वर्षं मी पुसतेय, मला विचारायचं तरी!"

सेक्रेटरी खोकले. फार मोठ्याने खोकले, पण उशिरा.

शून्यसाहेबांच्या डोळ्यांसमोर तीन मजले एकदम उभे राहिले. एकाच जागी मोजलं होतं त्यांनी. अगदी काटेकोरपणे, तीनही वेळा, फक्त गॅलरीतच. शेजारच्या खोलीच्या फरशीवर एकदाही पट्टी ठेवली नव्हती. उभा जन्म ज्याने दुसऱ्यांचं शून्य तपासलं, त्याने मोजायला सुरुवात करायच्या आधी—असो. त्यांनी ते वाक्य मनातही पुरं केलं नाही.

"गॅलरी," इंजिनिअर शांतपणे म्हणाला. "सगळ्यांच्याच? बंद करायची परवानगी कुणीकुणी घेतली होती?"

 काकूंना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं, पण दाराकडची वाट गर्दीने बंद होती.

"भोक दाखवा," इंजिनिअर म्हणाला.

कुंडी अवाढव्य होती. सेक्रेटरी अब्रू सावरायला पुढे झाले, वाकले, आणि अर्ध्यावर थांबले. "आई गं!" कपाटाने आपला हिशेब त्या क्षणी पुरा केला. त्यांना तसंच काटकोनात भिंतीशी नेऊन टेकवावं लागलं. त्यांच्या मागच्या गृहस्थांनी पलंग सरकवला होता. ते वाकलेच नाहीत. त्यांच्या मागच्यांनी कपडे धुण्याचं यंत्र. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्या बिल्डिंगने गेले काही दिवस दात-ओठ खाऊन सामान ढकललं होतं आणि आता त्यांच्यात वाकू शकेल असा एकही माणूस उरला नव्हता.

शून्यसाहेब पुढे झाले ते शरमेने. आपण घातलेला घोळ आपणच निस्तरावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी एक गुडघा टेकला, मग दुसरा. श्वास सोडला, बेंबी आपसूक आत गेली. मान सैल. दोन्ही हात कुंडीच्या बुडाशी नेऊन त्यांनी ती सावकाश, उचलायच्या फंदात न पडता, बाजूला सरकवली. खाली काळसर, ओलसर भोक होतं, आणि त्याच्या कडेला, कुणी न लावलेला, नखाएवढा एक नेचा उगवला होता.

सगळे भोकाकडे बघत होते. मॅडम नवऱ्याकडे बघत होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही खाली आहात."

शून्यसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं. खरंच, ते खाली होते. फरशी हाताला लागत होती. तिथून त्यांना स्वतःची पावलं दिसत होती, आणि ती पूर्वीपेक्षा बरीच जवळ आलेली होती.

"कधीपासून?"

"मधली जागा सापडल्यापासून," ते म्हणाले. याचा अर्थ त्या खोलीत कुणालाच कळला नाही. पण मॅडमना इस्त्रीच्या टेबलामागे गुंडाळलेली चटई दिसली, आणि त्यांनी पुढे विचारलं नाही. नेच्याकडे बघायला म्हणून त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

इंजिनिअरने कागद काढला. "मी कल बघायला आलोय. कल नाही, एवढंच लिहितो," तो म्हणाला. "खिडक्यांसाठी अर्ज करा, सगळ्यांनी मिळून, मी परत यायच्या आत. आणि कपाटं जागच्या जागी लावा. लावताना माणसं बोलवा." जाताना तो शून्यसाहेबांपाशी थांबला. "मोजणी मात्र चोख होती, साहेब." हे कौतुक होतं की काय, हे शून्यसाहेबांना अजूनही ठरवता आलेलं नाही.

बिल्डिंगने त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण ते टिकलं नाही. कंबर धरलेल्या माणसाला कंबर सुटलेल्या माणसाशी बोलावंच लागतं. टायरच्या दुकानावरच्या वर्गात जागा मिळेनाशी झाली. काकू पहिल्याच दिवशी मुलीला म्हणाल्या, "मला मणके मोजायला सांगू नकोस हं," आणि त्या एका वाक्यावर तिच्या लाडक्या झाल्या.

मॅडम शिबिराला निघायच्या त्या सकाळी दोघं दाराबाहेर आली. मॅडमच्या पाठीवर पिशवी, हातात भिंग. शून्यसाहेब पायरीवर बसले, श्वास सोडला आणि वाकले. उजवी नाडी झाली. डावीला वेळ लागला. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं नाही.

वरून आवाज आला. "अगं हळू, हळू! आवळू नकोस एवढी!" वरच्या दाराशी सेक्रेटरी कठडा धरून पुतळ्यासारखे उभे होते आणि त्यांची बायको पायरीवर बसून त्यांच्या नाड्या बांधत होती. सेक्रेटरींची आणि शून्यसाहेबांची नजरानजर झाली. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले.

'चालू द्या' हे शब्द शून्यसाहेबांच्या जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले. "सेक्रेटरी," ते म्हणाले, "कुशीवर वळून उठत जा. नेहमी."

मग ते उठले. मॅडमनी त्यांच्या बुटांकडे बघितलं.

"डावी सैल आहे जरा."

"असू दे," शून्यसाहेब म्हणाले.

मॅडमचा हात सवयीने खाली जायला निघाला होता. त्यांनी तो वर घेतला, पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला, आणि पुढे होऊन जिना उतरू लागल्या.